अकाउंटिंगची युनिटं शेवटी मोजणार कोण?

“आमच्याजवळचं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांच्या पदव्या देणारं स्थानिक कॉलेज) अकाउंटिंगला कसं आहे?” अमेरिकेत नव्याने आलेल्या आणि पदरी भारतातलं बी.कॉम. असलेल्या मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. उत्तरंही ठरलेली: कुणाची वहिनी तिथे शिकली, कुणाला प्राध्यापक आवडला, कुणाला पार्किंग मिळालं नाही. यातून हाती काही लागत नाही, कारण मुळात प्रश्नच अर्धा आहे. कॉलेजातून बाहेर पडल्यावर तुमची ट्रान्सक्रिप्ट कुणाच्या टेबलावर जाणार आहे, हे आधी ठरवा. तिथून उलटं मोजत यायचं.

ती टेबलं साधारण तीन असतात. एक, छोट्या कंपनीचा मालक किंवा सीपीए (म्हणजे इथला परवानाधारक अकाउंटंट) फर्मची ऑफिस मॅनेजर, जिला क्विकबुक्स हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि पेरोल, म्हणजे पगाराचे हिशोब, येणारा माणूस हवा आहे. दोन, चार वर्षांच्या विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय, जिथे तुम्ही दोन वर्षांची युनिटं, म्हणजे कोर्सची क्रेडिटं, घेऊन जाणार. तीन, राज्याचं अकाउंटन्सी बोर्ड, म्हणजे सीपीएचा रस्ता. एकाच कॉलेजचा प्रोग्रॅम पहिल्या टेबलावर उत्तम, दुसऱ्यावर बरा आणि तिसऱ्यावर अगदी निरुपयोगी ठरू शकतो. नावात ‘अकाउंटिंग’ तिन्हीकडे असतंच.

आधी व्हिसा आणि फी, कारण पुष्कळ जण इथेच उगाच अडतात. एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकायला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागत नाही आणि पूर्णवेळ शिकण्याची सक्तीही नाही. एका सत्रात एक कोर्स घेतला तरी चालतो. एफ-१ वर मात्र साधारणपणे १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. कॅलिफोर्नियात रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी ४६ डॉलर प्रति युनिट आहे, बाहेरच्यांना कित्येक पट. एच-१बी आणि एच-४ वरच्या लोकांनाही तिथे रहिवासी ठरता येतं: एक वर्षाहून जास्त प्रत्यक्ष वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवणारे कागद, म्हणजे राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार. अर्ज भरताना व्हिसाच्या रकान्यात ‘एच-४’ लिहिलं की सिस्टिम बऱ्याचदा आपोआप नॉन-रेसिडेंट धरते. अ‍ॅडमिशन्सच्या खिडकीवर कागद घेऊन जाऊन ते बदलून घ्यावं लागतं, आणि तेही सत्र सुरू होण्याआधी. न्यू जर्सीत तर काउंटीचाही प्रश्न असतो. दुसऱ्या काउंटीतल्या कॉलेजात गेलात तर दर वेगळा.

मान्यतेबद्दल थोडक्यात. संपूर्ण कॉलेजला संस्थात्मक मान्यता आहे ना, एवढं पाहायचं. कॅलिफोर्नियात ती एसीसीजेसी देते, न्यू जर्सीत मिडल स्टेट्स. त्यापुढे बिझनेस विभागाची वेगळी मान्यता असेल तर ती बहुधा एसीबीएसपीची असते, कारण ही संस्था दोन वर्षांच्या पदव्याही तपासते. एएसीएसबी बॅचलर्स आणि त्यापुढच्याच बिझनेस शिक्षणाला मान्यता देते. त्यामुळे ‘या कम्युनिटी कॉलेजला एएसीएसबी नाही’ ही तक्रार म्हणजे प्राथमिक शाळेला दहावीचा निकाल विचारण्यासारखं आहे.

आता खरा खाचखळगा: कोर्सचा नंबर. टेक्सासमध्ये एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर दोन ‘सुरुवातीचे अकाउंटिंग’ कोर्स शिकवले जातात. एसीसीटी २३०१ आणि २३०२ हे राज्याच्या सामायिक क्रमांकातले ट्रान्सफरचे कोर्स, फायनान्शियल आणि मॅनेजरियल. एसीएनटी १३०३ आणि १३०४ हे नोकरीसाठीचे. पुस्तकातली पहिली पाच प्रकरणं जवळपास सारखीच असली तरी एसीएनटीची क्रेडिटं विद्यापीठात सहसा पदवीत धरली जात नाहीत. सर्टिफिकेट करायचंय तर एसीएनटी झकास, कारण ते कामाला जास्त जवळ जातं. पण ‘आधी सोपं करते, मग ट्रान्सफर’ असा बेत असेल, तर तेच डेबिट-क्रेडिट दोनदा शिकावं लागतं आणि दोनदा पैसे भरावे लागतात.

न्यू जर्सीत हाच फरक पदवीच्या अक्षरांत लपलेला असतो. राज्याचा ट्रान्सफर करार ए.ए. आणि ए.एस. पदव्यांना लागू होतो, ए.ए.एस.ला नाही. ‘अप्लाइड’ हा एक शब्द जास्त, आणि रटगर्स या तिथल्या राज्य विद्यापीठाच्या टेबलावर निम्मी क्रेडिटं बाजूला पडू शकतात. कॅलिफोर्नियात ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ अशी वेगळी पदवी आहे, ६० युनिटांची, सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) जागेची हमी देणारी. तिची बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदवी आणि त्याच कॉलेजची स्थानिक ‘बिझनेस मॅनेजमेंट’ ही पदवी एकच समजू नका. पहिलीत दोन अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ आणि गणित-स्टॅटिस्टिक्स असा सांगाडा असतो. दुसरीत मार्केटिंग, सुपरव्हिजन, स्मॉल बिझनेस असे कोर्स मिळतात. ते वाईट नाहीत, फक्त विद्यापीठाच्या बिझनेस मेजरच्या पूर्वअटीत ते बसत नाहीत. कोणता कोर्स कुठे बसतो हे असिस्ट डॉट ऑर्गवर कॉलेज आणि विद्यापीठ निवडून दोन मिनिटांत दिसतं. काउन्सेलरला भेटण्याआधी ते पान छापून न्या. काउन्सेलर शंभर मेजरचा विचार करत असतो, तुम्हाला एकाचाच करायचाय.

बे एरियातल्यांसाठी एक जास्तीची गाठ. क्युपर्टिनोचं डी अँझा आणि शेजारचं फुटहिल क्वार्टर पद्धतीवर चालतात, बाकीची बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर. एक क्वार्टर युनिट म्हणजे दोन-तृतीयांश सेमिस्टर युनिट. डी अँझाचे अकाउंटिंग १ए, १बी, १सी हे ५-५ युनिटांचे तीन कोर्स मिळून १० सेमिस्टर युनिटं होतात आणि इतरांच्या दोन कोर्सांच्या जागी बसतात. फक्त १ए करून दुसऱ्या कॉलेजात गेलात, तर अर्धा कोर्स हातात राहतो आणि तो अर्धा कुणालाच नको असतो. सुरू केलंत तर तिन्ही तिथेच संपवा.

यानंतर कॅटलॉग मिटून ठेवा आणि शेड्यूल उघडा. कॅटलॉग म्हणजे हॉटेलच्या दारातला बोर्ड: मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, सगळं लिहिलेलं. आज काय आहे ते आत गेल्यावर कळतं. मागच्या चार सत्रांची शेड्यूल कॉलेजच्या साइटवर असतातच. त्यात तुम्हाला लागणारा प्रत्येक कोर्स शोधा आणि कागदावर मांडा: कोणत्या सत्रात होता, सकाळी की संध्याकाळी, वर्गात की ऑनलाइन, किती सेक्शन, शिकवणारा कोण. फायनान्शियल अकाउंटिंगचे आठ सेक्शन असतील, मॅनेजरियलचे चार. पण त्यापुढचे कोर्स, म्हणजे ‘इंटरमिजिएट अकाउंटिंग’चा दुसरा भाग, ऑडिटिंग, कॉस्ट, हे पाहा. इथेच प्रोग्रॅमचा खरा आकार दिसतो. इंटरमिजिएट एक फॉलमध्ये, दोन फक्त स्प्रिंगमध्ये, आणि मागच्या दोन स्प्रिंगपैकी एकात ‘कॅन्सल्ड’ असेल, तर दोन वर्षांत संपणारं सर्टिफिकेट तीन वर्षांवर जातं. वरच्या कोर्सना विद्यार्थी कमी पडले की सत्राच्या तोंडावर सेक्शन रद्द होतो. विभागप्रमुखाला ई-मेल करून सरळ विचारावं: “पुढच्या दोन वर्षांत इंटरमिजिएट दोन कोणत्या सत्रात ठेवणार आहात, आणि गेल्या वेळी तो भरला होता का?” ज्याच्याकडे दोन वर्षांचं वेळापत्रक तयार असतं तो तेच जोडून पाठवतो. ‘मागणीनुसार पाहू’ असं उत्तर आलं तर काय ते समजून घ्या.

कोर्समध्ये काय शिकवतात हे बघायला दोन कागद लागतात. कॅलिफोर्नियात प्रत्येक कोर्सची ‘कोर्स आउटलाइन ऑफ रेकॉर्ड’ सार्वजनिक असते. ते राज्याला दाखवायचं रूप. दुसरा कागद म्हणजे त्या प्राध्यापकाचा त्या सत्राचा सिलॅबस, ते प्रत्यक्ष रूप. सिलॅबसमध्ये मी सगळ्यात आधी गुणांची वाटणी पाहतो. गृहपाठाला ४० टक्के आणि तो सगळा प्रकाशकाच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर, तीन प्रयत्नांची मुभा, चुकलं की ‘हिंट’: असं असेल तर विद्यार्थी अकाउंटिंग शिकत नाही, मोकळ्या चौकटी भरायला शिकतो. १ ऑक्टोबरला वर्षभराच्या विम्याचे २,४०० डॉलर भरले, तर ३१ डिसेंबरची अ‍ॅडजस्टिंग एंट्री काय? ऑनलाइन गृहपाठात खात्याची नावं ड्रॉपडाउनमधून निवडायची असतात, त्यामुळे ६०० डॉलर इन्शुरन्स एक्स्पेन्स डेबिट, प्रीपेड इन्शुरन्स क्रेडिट हे अंदाजानेही जमतं. कोरा कागद दिला की त्यातले बरेच जण सगळे २,४०० खर्चात टाकतात, कारण प्रीपेड (आगाऊ भरलेला खर्च) हे खातं आपलं आपल्याला आठवावं लागतं. म्हणून सिलॅबसमध्ये हाताने लिहायची परीक्षा किंवा एक्सेलमध्ये कोऱ्या पानापासून करायचा प्रॅक्टिस सेट आहे का, ते शोधा. एखाद्या काल्पनिक कंपनीचा महिनाभराचा कारभार, जर्नलपासून क्लोजिंग एंट्रीपर्यंत. असा सेट देणाऱ्याला तो तपासावाही लागतो, म्हणून फार जण देत नाहीत.

त्या प्लॅटफॉर्मचा पैशांशीही संबंध आहे. ४ युनिटांच्या कोर्सची फी १८४ डॉलर, आणि पुस्तकासकट अ‍ॅक्सेस कोड कधीकधी जवळपास तेवढाच. कोड सत्रापुरता असतो, पुस्तक जुन्या बाजारात विकताही येत नाही. कॅलिफोर्नियाच्या शेड्यूलमध्ये पुस्तकखर्च शून्य असलेल्या सेक्शनवर तशी खूण असते. ओपनस्टॅक्सचं अकाउंटिंगचं दोन खंडांतलं पुस्तक २०१९ पासून फुकट आहे आणि पहिल्या दोन कोर्सना ते पुरेसं आहे.

बी.कॉम. झालेल्यांना पहिला कोर्स कंटाळवाणा वाटतो, पण तिथेच हात वळवून घ्यावा लागतो. आपण जर्नलमध्ये ‘टू सेल्स अकाउंट’ लिहितो. इथे ‘टू’ नसतो, क्रेडिटची ओळ फक्त आत सरकवतात. डेटर्सला इथे अकाउंट्स रिसीव्हेबल म्हणतात. ताळेबंदात रोकड सगळ्यात वर, इमारत खाली. आपल्याकडच्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये उलटं. भारतात मालसाठ्याला लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं) चालत नाही, इथे चालतो आणि परीक्षेत येतोच. अवघड काहीच नाही, पण इंटरव्ह्यूत नेमकं इथेच अडखळायला होतं.

पहिल्या टेबलासाठी, म्हणजे बुककीपिंगच्या नोकरीसाठी, दोन कोर्स निर्णायक: क्विकबुक्स आणि पेरोल. क्विकबुक्सचा कोर्स ऑनलाइन आवृत्तीचा आहे का, हे विचारा. इन्ट्यूटने सप्टेंबर २०२४ नंतर अमेरिकेत नव्या ग्राहकांना डेस्कटॉप प्रो आणि प्रीमियर विकणं थांबवलं. तरीही काही सिलॅबस अजून डेस्कटॉपवरच आहेत, कारण प्रयोगशाळेत ते भरून ठेवलंय आणि प्राध्यापकाच्या जुन्या फाइल्स चालतात. दुसरा प्रश्न जास्त आतला: बँक फीड, म्हणजे बँकेचे व्यवहार आपोआप क्विकबुक्समध्ये येणं, शिकवता का? नमुना कंपनीत सगळं आधीच नीटनेटकं असतं. खऱ्या कामात ग्राहकाने दिलेले बिलाचे पैसे ‘अनडिपॉझिटेड फंड्स’ या बँकेत जमा व्हायच्या आधीच्या खात्यात पडलेले असतात, बँकेतून तेच डिपॉझिट फीडमध्ये येतं, आणि नवखा माणूस ते ‘मॅच’ करण्याऐवजी ‘अ‍ॅड’ करतो. उत्पन्न दोनदा. वर्षाअखेरीस नफा फुगलेला, अनडिपॉझिटेड फंड्समध्ये हजारो डॉलर अडकलेले, आणि टॅक्स करणारा सीपीए कपाळाला हात लावून बसलेला. नवी मंडळी सर्वात जास्त करतात ती चूक हीच. ती वर्गात मुद्दाम करायला लावून निस्तरून घेणारा शिक्षक मिळाला तर त्याचा वर्ग सोडू नका.

पेरोलच्या कोर्सची परीक्षा एका आकड्यात होते. २,००० डॉलर पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के म्हणजे १२४ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के म्हणजे २९, एकूण १५३ कापले. सरकारला किती भरायचे? १५३ नव्हे, ३०६. मालकाचा तेवढाच वाटा, शिवाय कापलेला फेडरल इन्कम टॅक्स वेगळा. पगारपत्रकापाशी थांबणारा कोर्स हे शिकवतो, पण अर्धवट. चांगल्या कोर्समध्ये हे पैसे कधी जमा करायचे, तिमाहीचा फॉर्म ९४१ कसा भरायचा, वर्षाचा ९४० आणि ३१ जानेवारीपर्यंतचे डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्यांना द्यायचे वर्षाच्या पगाराचे फॉर्म) हेही असतं. सिलॅबसमध्ये ‘९४१’ हा आकडा शोधा, तो नसेल तर पुढचं कॉलेज पाहा. टॅक्सकडे ओढा असेल तर कॉलेजात आयआरएसच्या (फेडरल टॅक्स खात्याच्या) ‘व्हिटा’ या स्वयंसेवकांच्या मोफत टॅक्स-मदत योजनेचं केंद्र चालतं का, हेही विचारा. तिथे प्रमाणपत्र परीक्षा देऊन खऱ्या लोकांची रिटर्न भरायला मिळतात. कॅलिफोर्नियात पैसे घेऊन रिटर्न भरायचं असेल आणि तुम्ही सीपीए, वकील किंवा एनरोल्ड एजंट (आयआरएसचा परवाना असलेला टॅक्स सल्लागार) नसाल, तर सीटेकची (कॅलिफोर्निया टॅक्स एज्युकेशन कौन्सिलची) नोंदणी लागते आणि त्यासाठी ६० तासांचा मान्यताप्राप्त कोर्स. काही कम्युनिटी कॉलेजांचा टॅक्स कोर्स त्यात धरला जातो, सगळ्यांचा नाही.

आकडेवारीबद्दल सावध राहायला हवं. कॉलेजचा पदवी-पूर्तीचा दर कमी दिसला की लोक घाबरतात. तो दर पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ विद्यार्थ्यांवर, तीन वर्षांच्या मुदतीत काढलेला असतो. तुम्ही बी.कॉम. करून आलेले आणि अर्धवेळ, म्हणजे त्या मोजणीत तुम्ही नाहीच. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी साइटवरचे पगाराचे आकडे फेडरल मदत घेणाऱ्यांचे. एच-४ वाले त्यातही नाहीत. जास्त उपयोगी आहे कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांचा डेटामार्ट. त्यात अकाउंटिंगचा कोड ०५०२ निवडला की कॉलेजवार ‘सक्सेस’ आणि ‘रिटेन्शन’ दर मिळतात. समजा ४० जणांनी कोर्स घेतला, १० जणांनी मधेच ‘डब्ल्यू’ घेऊन सोडला, २२ जणांना सी किंवा वर मिळालं. रिटेन्शन ७५ टक्के, सक्सेस ५५ टक्के. कॉलेजच्या माहितीपत्रकात हेच ‘शेवटची परीक्षा दिलेल्यांपैकी ७३ टक्के उत्तीर्ण’ असं छापता येतं. तीनही आकडे खरे. फार उंच सक्सेस दरही मला खटकतो. इंटरमिजिएटमध्ये जवळजवळ सगळेच पास होत असतील तर परीक्षा कशी घेतात ते पाहावं.

तिसरं टेबल सगळ्यात किचकट. सीपीएचे नियम राज्यागणिक वेगळे, आणि २०२५ पासून अनेक राज्यांनी परवान्यासाठीच्या १५० युनिटांच्या शिक्षणाच्या अटीला पर्याय देणारे कायदे केले आहेत. म्हणून मैत्रिणीने २०१९ मध्ये काय केलं ते बाजूला ठेवून बोर्डाचं आजचं पान वाचा. सुरुवात कॉलेजपासून न करता भारतातल्या गुणपत्रिकांच्या मूल्यांकनापासून करा, तेही त्या राज्याच्या बोर्डाला चालणाऱ्या संस्थेकडून आणि कोर्सवार. तीन वर्षांची बी.कॉम. कुणी बॅचलर्सच्या बरोबरीची धरतं, कुणी नुसतं तीन वर्षांचं शिक्षण. एम.कॉम. किंवा सी.ए. असेल तर चित्र बदलतं. अहवाल हातात आला की कळतं, नेमकं काय कमी पडतंय. कॅलिफोर्नियाच्या १५० युनिटांच्या मार्गात अकाउंटिंगची २४, बिझनेसची २४, त्याशिवाय अकाउंटिंग स्टडीची २० आणि एथिक्सची १० अशी खाती आहेत. बी.कॉम.वाल्यांचं पहिलं खातं बहुधा भरतं आणि एथिक्सचं रिकामं राहतं. त्यातला अकाउंटिंग एथिक्सचा ३ युनिटांचा स्वतंत्र कोर्स आपल्याकडच्या गुणपत्रिकेत सहसा नसतोच. म्हणजे इथे कॉलेज पारखायचं ते इंटरमिजिएटवरून नव्हे, तर हा एथिक्सचा कोर्स ते देतं का आणि दरवर्षी देतं का, यावरून.

इथली नेहमीची चूक म्हणजे अहवाल येण्याआधीच उत्साहात फायनान्शियल आणि मॅनेजरियल करून टाकणं. भारतातल्या विषयाशी तो कोर्स जुळला तर पुनरावृत्ती म्हणून एकदाच मोजतात. सहा महिने आणि फी गेली, युनिटं तेवढीच. दुसरी चूक टेक्सासमध्ये होते: तिथलं बोर्ड वरच्या पातळीचे अकाउंटिंग कोर्स मागतं, आणि ते कम्युनिटी कॉलेजातून घ्यायचे तर बोर्डाने मान्य केलेल्या ठरावीक कॉलेजांतूनच. शेजारच्या कॉलेजात त्याच नावाचा, त्याच पुस्तकाचा कोर्स केला तरी तो खालच्या पातळीचाच राहतो. कॅलिफोर्नियात चाललेलं दुसऱ्या राज्यात चालेलच असंही नाही. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी उद्या टेक्सासमधल्या ऑस्टिनला हलू शकते, तेव्हा दोन राज्यांचे नियम शेजारी ठेवून कोर्स निवडणं शहाणपणाचं.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पहिल्याच आठवड्यात पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा, तारीख आणि सेक्शन नंबर दिसेल असा. सत्र संपलं की कॅनव्हास या कॉलेजच्या ऑनलाइन प्रणालीवरचा वर्ग बंद होतो, अर्धवेळ शिकवणारा प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजात गेलेला असतो, आणि तीन वर्षांनी बोर्ड किंवा विद्यापीठ नेमका तोच कागद मागतं.